कूपर बरोबर होता, हे मलाही मान्य आहे

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया शनिवारी रात्री वाचली, रविवारी परत वाचली आणि आज काम बाजूला ठेवून उत्तराला बसले आहे. "मी तुझ्या वडिलांच्या वयाचा, म्हणून एकेरीत लिहितो," असं तुम्ही सुरुवातीलाच म्हटलंत. मग मीही काकाच म्हणते.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी सांगते. मागच्या आठवड्यात मी जॉर्ज रोमेरोच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या १९६८ च्या सिनेमावर लिहिलं होतं. मेलेली माणसं उठून जिवंतांना खायला लागतात. एका शेतावरच्या घरात सात माणसं रात्रभर अडकून पडतात आणि सकाळपर्यंत त्यांतलं कुणी उरत नाही. एवढीच गोष्ट. काकांचे आक्षेप असे: हा पहिला झॉम्बीपट नाही. तो गाजला कारण फुकट होता. कामं सुमार आहेत. कथेतच भोक आहे, कारण नायक बेन ज्या तळघराला मरणाचा सापळा म्हणतो, त्याच तळघरात तो शेवटी वाचतो, म्हणजे तिथेच लपू म्हणणारा कूपर बरोबर होता. नायक कृष्णवर्णीय म्हणून वर्णभेदाचा अर्थ लोकांनी मागाहून चिकटवला, दिग्दर्शक स्वतः नाही म्हणत होता. आणि शेवटी, "नागपुरात बसून काऊन एवढं डोक्यावर घेऊन राहिली तू या पिक्चरले?"

पहिला मुद्दा तुमचा. 'पहिला झॉम्बीपट' हे मी चुकीचं लिहिलं होतं, ते लेखात दुरुस्त केलं आहे. नट बेला लुगोसीचा 'व्हाइट झॉम्बी' १९३२ चा आहे. त्यातला झॉम्बी हैतीच्या लोककथेतला, दुसऱ्याच्या मंत्राखाली राबणारा गुलाम. रोमेरोच्या सिनेमात तर 'झॉम्बी' हा शब्द एकदाही येत नाही, टीव्हीवरचा बातमीदार 'घूल', म्हणजे प्रेतं खाणारं पिशाच्च, म्हणतो. शुक्राहून परतलेल्या यानाच्या किरणोत्सर्गामुळे मेलेले उठतात, हे कारण तुम्हाला पोरकट वाटलं. मलाही त्यात काही दम वाटत नाही. पण सिनेमाही ते पक्कं करत नाही. वॉशिंग्टनच्या रस्त्यावर शास्त्रज्ञ आणि लष्करी अधिकारी कॅमेऱ्यासमोरच एकमेकांचं म्हणणं खोडत चालत जातात, आणि घरातली माणसं त्या टीव्हीकडे आशेनं बघत बसतात. तो विषय मी इथेच सोडते.

फुकटपणाचं मात्र नीट बघायला हवं, कारण त्यात तुम्ही अर्धे बरोबर आहात. या सिनेमाचं आधीचं नाव 'नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स' होतं. वितरकाने नाव बदललं, प्रतींवर नवी नामपट्टी लावली, आणि जुन्या पट्टीबरोबर कॉपीराइटची ओळही गेली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात ती ओळ नसली की हक्क संपला. सिनेमा सगळ्यांचा झाला. टीव्हीवाल्यांनी हवा तसा दाखवला, कॅसेटवाल्यांनी हवा तसा विकला, आणि बनवणाऱ्यांच्या हाती त्यातलं काही आलं नाही. तुम्ही लिहिलंय की ऐंशीच्या दशकात सीताबर्डीहून कॅसेट भाड्याने आणून तुम्ही तो पाहिलात. ती कॅसेटही कॉपीची कॉपीच असणार.

पण काका, अमेरिकेत त्या काळचे कितीतरी सिनेमे असेच बेवारस झाले. त्यांची आज कुणाला नावंही आठवत नाहीत. शिवाय याची पहिली कीर्ती बदनामीचीच होती. सिनेमा ऑक्टोबर १९६८ मध्ये लागला, वयानुसार प्रमाणपत्र देण्याची पद्धत तिथे नोव्हेंबरात सुरू झाली. त्यामुळे दुपारच्या खेळाला लहान मुलं बसायची. समीक्षक रॉजर एबर्ट यांनी अशाच एका खेळातल्या रडणाऱ्या, सुन्न झालेल्या मुलांबद्दल लिहून ठेवलं आहे. तरी १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तो दाखवला, आणि १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याला जागा मिळाली. फुकट असल्यामुळे तो घराघरात पोचला, हे खरं. लोकांनी तो ठेवून घेतला याचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

फुकटपणाने एक नुकसानही केलं, त्याकडे शेवटी येते.

आता कामं. नायिका बार्बराचं काम तुम्हाला असह्य वाटलं. भाऊ डोळ्यांदेखत मेल्यावर ती घरात येते आणि मग बराच वेळ नुसती बसून राहते. लिहिणाऱ्यांनी तिला फार कमी दिलं, हे मी मान्य करते. १९९० मध्ये टॉम साविनीने हाच सिनेमा परत केला तेव्हा पटकथा रोमेरोनेच लिहिली, आणि त्यातली बार्बरा बंदूक हातात घेते. म्हणजे उणीव त्यालाही जाणवली असावी. पण बार्बरा झालेल्या ज्युडिथ ओ'डीचे हात तुम्ही पाहिलेत का? ती सोफ्याच्या हातावरच्या विणलेल्या कापडाशी चाळा करत राहते, बोटं एकाच नक्षीवरून फिरत राहतात. माझे मामा गेले त्या दुपारी माझी मामी तास-दीड तास स्वयंपाकघरातल्या एकाच फडक्याची घडी घालत होती, मोडत होती, परत घालत होती. कोणी काही विचारलं की हो म्हणायची. ते काम मला वाईट वाटत नाही, काका. बघवत नाही, हे खरं.

आणखी एक दृश्य. बार्बरा स्मशानातून पळताना अनवाणी झालेली असते. बेन खिळे-फळ्या शोधत घरभर फिरत असतो, तेवढ्यात त्याला बायकी सपाता सापडतात. तो त्या आणतो, तिच्यापुढे गुडघ्यावर बसतो आणि तिच्या पायात घालतो. तेव्हा बाहेर मेलेली माणसं जमत असतात. बेन झालेल्या ड्वेन जोन्सने ते इतकं साधं केलं आहे की कॅसेटवर ते निसटूनच जातं.

पैशाबद्दल तुम्ही जे 'चॉकलेटच्या पाकाचं रक्त' म्हणून हिणवलंत, ते मला लागलं. कारण मी याच धंद्यात आहे. लग्नाचे व्हिडिओ, दुकानांच्या जाहिराती, शाळांची स्नेहसंमेलनं, हे सगळं एडिट करून मी पोट भरते. रोमेरो आणि त्याचे मित्र पिट्सबर्गमध्ये हेच करत होते. पिट्सबर्ग म्हणजे पोलादाचं शहर, हॉलिवुडपासून हजारो मैल दूर. त्यांची जाहिराती बनवणारी छोटी कंपनी होती. दहा जणांनी प्रत्येकी ६०० डॉलर काढले आणि सुरुवात केली. शेवटी खर्च सुमारे १ लाख १४ हजार डॉलरवर गेला. रोमेरोनेच कॅमेरा धरला, त्यानेच एडिट केलं. निर्माता रसेल स्ट्रायनर बार्बराचा भाऊ झाला. कार्ल हार्डमनने कूपर केला आणि त्याच्या खऱ्या मुलीने, कायरा शॉनने, सिनेमातली त्याची मुलगी केली. घर पाडायला काढलेलं होतं. हो, रक्त म्हणजे बॉस्को कंपनीचा चॉकलेटचा पाक. कृष्णधवल फिल्मवर तो रक्तासारखा दिसतो हे त्यांना ठाऊक होतं, कारण जाहिराती करून करून कुठली वस्तू पडद्यावर कशी दिसते ते त्यांच्या हातात बसलं होतं. बातमीदार म्हणून त्यांनी पिट्सबर्गच्या टीव्हीवर खरोखर दिसणारा बिल कार्डिल घेतला. म्हणून त्या बातम्या बातम्याच वाटतात. आपल्याकडे पोरं म्हणतात, सिनेमा करायचा तर मुंबई गाठावी लागते. त्यांना मी पिट्सबर्गची गोष्ट सांगते आणि पुढेही सांगत राहीन.

आता तळघर. तुमचा हा मुद्दा सगळ्यांत वजनदार आहे, आणि मूळ लेखात मी त्याला हात घातला नव्हता, ही माझी खरी चूक.

हॅरी कूपर म्हणतो, खाली चला, एकच दार आहे, आतून अडसर घातला की कोणी येत नाही. बेन म्हणतो, खालून पळायला वाट नाही, वर रेडिओ आहे, खिडक्या आहेत, बाहेरचं दिसतं. भांडण इतकं वाढतं की बेन म्हणतो, खाली तू मालक, वर मी मालक. आपण प्रेक्षक बेनच्या बाजूने असतो. का? तो काम करतो. टेबलाचे पाय उपटून दारांना ठोकतो, दुसऱ्याला चप्पल देतो. कूपर ओरडतो, घाम पुसतो, बायकोला टाकून बोलतो. मग बेनच्या बेताप्रमाणे ट्रकमध्ये पेट्रोल भरायला जातात. ट्रक पेटतो, टॉम आणि ज्युडी हे घरातलं तरुण जोडपं जळून मरतं. बेन धावत परत येतो तर कूपर दार उघडत नाही. शेवटी सगळे दरवाजे तुटतात, आणि बेन तळघरात उतरून अडसर लावतो. ज्याला तो सापळा म्हणत होता तिथेच रात्र काढतो आणि जिवंत राहतो. तुम्ही म्हणता, म्हणजे कूपर बरोबर होता, मग हे कथेतलं भोक. मला वाटतं, तो सिनेमा बनलाच आहे याच जागेवर.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट तुम्ही विसरला नसाल. अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदी रस्त्यावर आली. आमची इमारत नदीपासून लांब नाही. चारच्या सुमारास कोणीतरी दार बडवायला लागलं. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ होते. पार्किंगवरून रोज भांडणारे, पोरांचा बॉल जप्त करणारे, ज्यांच्याशी लिफ्टमध्येही कोणी बोलत नसे. ते जिन्यात उभे राहून ओरडत होते, "वर चला, गाड्यांच्या मागे लागू नका, बेसमेंटमध्ये कोणी उतरायचं नाही!" दुसऱ्या मजल्यावरचे एक जण, सगळ्यांचे लाडके, गणपतीत सगळ्यात पुढे असणारे, शांतपणे म्हणाले, "दहा मिनिटं आहेत, गाड्या काढून घेऊ." आम्ही सगळे लाडक्या माणसाबरोबर गेलो. माझा भाऊ गेला. मीही गेले, कारण माझं एडिटिंगचं टेबल आणि हार्डडिस्क खालच्या खोलीत होत्या. उतारावरून पाणी असं आत आलं की मिनिटभरात कमरेला लागलं. भावाचा तळहात शटरच्या पत्र्याने फाटला. सगळे वर आलो, जीव कोणाचा गेला नाही. तीन वर्षांचं काम मात्र पाण्यात गेलं.

तो माणूस बरोबर होता. आम्ही त्याचं ऐकलं नाही, कारण बोलणारा तो होता.

पुरानंतर मी हा सिनेमा परत लावला आणि मला तो वेगळाच दिसला. त्या घरात तळघर की वरचा मजला, याचा निर्णय कोणी विचार करून घेतच नाही. जो आवडतो त्याच्या मागे जातात. आपणही खुर्चीत बसून तेच करतो. टॉम तेवढा मधे पडून दोघांना जोडायला बघतो, आणि तोच आधी मरतो. पण सिनेमा कूपरलाही पूर्ण न्याय देत नाही, काका, आणि इथे मी तुमच्यापासून वेगळी होते. त्या तळघरात त्याची चावा लागलेली मुलगी झोपलेली आहे. बेनने पहिल्याच मिनिटाला ऐकलं असतं तर बाकी सहाही जण आतून अडसर लावून तिच्याबरोबर कोंडले गेले असते. ती मरून उठते तेव्हा आधी बापाला खाते, मग थापी घेऊन आईवर येते. आई प्रतिकारसुद्धा करत नाही, लेक म्हणूनच तिच्याकडे बघत राहते. कूपरला दाराचं बरोबर कळलं होतं, दाराआड काय आहे ते त्याला बघवत नव्हतं. आणि ज्याला आपण नायक म्हणतो तो बेन, बंदूक हिसकावून परत मिळाल्यावर, निःशस्त्र कूपरवर गोळी झाडतो. इतक्या सरळ दिसणाऱ्या गोष्टीत कोणालाही स्वच्छ सोडलेलं नाही. याची कीर्ती 'झॉम्बीपटांचा बाप' म्हणून आहे. माझ्या मते ती या भांडणासाठी असायला हवी.

आता वर्णाचं. रोमेरो कायम सांगायचा की ड्वेन जोन्सची चाचणी सगळ्यांत चांगली झाली म्हणून त्याला घेतलं, पटकथेत बेनचा रंग लिहिलेला नव्हता. ते खरं मानू. पण जोन्स शिकलेला, नाटकातला माणूस होता. लिहिलेला बेन रांगडा ट्रकवाला होता. जोन्सने त्याची भाषा बदलली, त्याला संयम दिला. हे पटकथेत नसेल, पडद्यावर आहे. आणि ४ एप्रिल १९६८ ला, सिनेमाची रिळं गाडीत टाकून ही मंडळी न्यूयॉर्कला निघाली होती, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी त्यांनी रेडिओवर ऐकली. त्या दिवसानंतर तो शेवट कोणी १९६७ च्या डोळ्यांनी पाहू शकणार होतं का?

तुमचा युक्तिवाद असा की, सिनेमात कोणी बेनच्या रंगाबद्दल चकार शब्द काढत नाही, म्हणजे तो विषयच नाही. काका, मी स्टुडिओसाठी खोली शोधत होते. दीक्षाभूमीपासून पायी दहा मिनिटांवर एक चांगली जागा मिळाली, भाडं ठरलं, चहा झाला. निघताना मालकांनी सहज विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं की खोली कालच दुसऱ्याला दिली. कोणी वाईट बोललं नाही, आवाज चढला नाही, जातीचा शब्दही निघाला नाही. असं दोनदा झाल्यावर माझं टेबल आमच्याच इमारतीच्या बेसमेंटमधल्या खोलीत लागलं. पुढचं तुम्ही वर वाचलंच आहे. बोललं गेलं नाही म्हणून ते तिथे नव्हतं, असं मला कोणी सांगू नये. कूपर बेनचं ऐकत नाही, त्यात रंग किती आणि स्वभाव किती हे सिनेमा सांगत नाही. मलाही त्या मालकांच्या मनातलं कधी कळणार नाही. हे न कळणंच रोजचं असतं, आणि ते इतकं नेमकं मी दुसऱ्या सिनेमात पाहिलेलं नाही.

"नागपुरात बसून काऊन" याचं उत्तर यात आलं. थोडं राहिलं, ते मारबतीचं. तान्ह्या पोळ्याला मी बाबांच्या खांद्यावर बसून इतवारीत पिवळी मारबत पाहिली आहे. "इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" ओरडून घसा बसायचा. मारबत जळते तेव्हा मन हलकं होतं, कारण ती बांबू-कागदाची आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. सिनेमाच्या शेवटी शेरीफची टोळी शेतांतून निघते ती अशीच हलक्या मनाने, कुत्री, बंदुका आणि कॉफी घेऊन. इडापिडा वेचून जाळायची आहे. गोळ्यांचे आवाज ऐकून बेन तळघरातून वर येतो, खिडकीशी उभा राहतो. कोणी हाक मारत नाही, कोणी तपासत नाही. डोक्यात गोळी. शेरीफ म्हणतो, आगीसाठी आणखी एक.

मग हलती चित्रं थांबतात आणि स्थिर फोटो येतात. मांस उचलायचे आकडे, बेनचा चेहरा, ओढत नेलेलं शरीर. आणि इथे ते नुकसान, जे वर सांगायचं राहिलं होतं. तुमच्या कॅसेटवर, आणि मी प्रथम पाहिलेल्या प्रतीतही, सगळा सिनेमाच गढूळ होता, त्यामुळे हे फोटोही त्याच गढूळपणाचा भाग वाटले. २०१६ मध्ये मूळ निगेटिव्हवरून तो नव्याने साफ केला गेला. त्या प्रतीत दाराच्या फळीवरचे रेघोटे दिसतात, बेनच्या कपाळावरचा घाम दिसतो. दीड तास सगळं इतकं लख्ख दिसल्यावर एकदम फोटो खरबरीत होतात, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर छापल्यासारखे. रात्रभर ज्या माणसाला आपण ओळखलं, तो बातमीतला एक अनोळखी मृतदेह होतो. हे कॅसेटवर दिसणं शक्यच नव्हतं. तुम्ही जो सिनेमा नापसंत केलात तो खरोखर तसाच होता, यात तुमची काही चूक नाही.

तुमची ती कॅसेट कुठे सापडली तर टाकून देऊ नका. माझ्याकडे चालू स्थितीतला एक व्हीसीआर आहे. टेबल आता पहिल्या मजल्यावर आहे. या एखाद्या रविवारी, दोन्ही प्रती शेजारी-शेजारी लावून शेवटची दहा मिनिटं पाहू. कूपरवर आपलं भांडण तरीही चालू राहील, आणि मला ते हवं आहे.